तुकड्यांचा पेन

इंदापूर तालुक्यातल्या कळंबला लेथ नवा नाही. 1930 च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इथे साखर कारखाना उभारला, वालचंदनगर वसलं आणि पुढे तिथल्या यंत्रशाळेत इस्रोच्या अग्निबाणांचे भागही घडले.

लेथवर लाकडी पेनही कातता येतो. त्यातला अवघड प्रकार म्हणजे साग, शिसव, बाभूळ अशा वेगवेगळ्या लाकडांच्या चकत्या जोडून केलेला पेन. त्याचं निम्मं काम लेथ सुरू होण्याआधीच झालेलं असतं. चकती सपाट नसेल तर सांध्यात फट राहते. सरस पुरता वाळला नसेल तर फिरता तुकडा उडतो, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. मग मधोमध भोक पाडून पितळेची नळी चिकटवायची; बारीक पेनाला बहुधा 7 मिलिमीटरची. आता खरी मजा! शिसव कठीण, साग त्यामानाने मऊ, आणि एकाच फेऱ्यात दोन्ही पटाशीखाली येतात. हाताचा दाब किती ठेवायचा, हे पुस्तक सांगू शकत नाही. शेवटी पॉलिशपेपर मारताना शिसवाची काळपट भुकटी फिक्या लाकडात भरते आणि नक्षी मळते. ती भुकटी वरचेवर झटकावी लागते.

सुताराकडे अशा लाकडांचे वीतभर तुकडे जळणात जातात. ते मागून घ्या. आणि लेथवर आयुष्य काढलेले एखादे निवृत्त कामगार तुमच्या आळीत असतील, तर या सुट्टीत मुलांना त्यांच्याकडे जरूर पाठवा.