ऋतू रानाचा, सोय आपली

सूर्य मुंबई-पुण्याच्या अगदी डोक्यावरून वर्षातून दोनदा जातो. एकदा मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. त्या दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. पहिल्या खेपेला आपण घामाने निथळत असतो. दुसऱ्या खेपेला तोच सूर्य तितकाच माथ्यावर असतो, पण ढगांच्या आड असल्यामुळे कोणाला पत्ताही लागत नाही. उष्ण कटिबंधातले वर्ष समजायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जाते, म्हणजे आपले सगळे राज्य उष्ण कटिबंधातच येते. इथे उन्हाला तोटा कधीच नसतो. वर्षाला आकार येतो तो पाण्यामुळे: ते कधी येते, किती काळ टिकते आणि कधी आटते.

निसर्ग पाहायला कोणता ऋतू चांगला, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा गार, आकाश निरभ्र, रस्ते कोरडे. हे उत्तर चुकीचे नाही, मात्र ते आपल्या अंगाला मानवणाऱ्या हवेचे उत्तर आहे. थंड देशांत हिवाळा हाच सगळ्यांचा मोठा अडसर असतो. झाड, पाखरू आणि माणूस तिघेही तिथे वसंताची वाट पाहत असतात, म्हणून माणसाच्या सुखाचे दिवस आणि रानाच्या बहराचे दिवस बहुतेक एकच येतात. आपल्याकडे या दोन गोष्टींची फारकत झालेली आहे. आपल्याला नकोसा वाटणारा वैशाख आणि चिखलाचा मृग, याच दिवसांत इथल्या कितीतरी जिवांची वर्षातली सर्वांत मोठी कामे उरकायची असतात.

आपल्या पूर्वसूरींना हे पक्के ठाऊक होते. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त सहा ऋतूंचे सहा सर्ग आहेत आणि सुरुवात होते ती ग्रीष्मापासून. वसंत शेवटी येतो. या भूमीवरच्या कवीला वर्षाची कथा उन्हाच्या काहिलीपासून सांगावीशी वाटली, यात मला मोठी समज दिसते. शेतकऱ्याचा हिशेब तर याहून बारीक. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशी सूर्याची नक्षत्रे तेरा-चौदा दिवसांनी बदलतात आणि प्रत्येकाच्या पावसाचा स्वभाव वेगळा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. प्रवासाच्या जाहिराती वर्षाचे तीन तुकडे करतात, तिथे कुणब्याचे पंचांग एकट्या पावसाळ्याचेच नऊ-दहा करते. निसर्ग पाहायला निघालेल्याने या दुसऱ्या पंचांगाचा आधार घ्यावा असे मला मनापासून वाटते.

वैशाखापासूनच पाहू. विदर्भातल्या ताडोबात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे झुकतो. साग उघडाबोडका, बांबू पिवळा, पायाखाली पाचोळा. अशा दिवसांत कोण जाईल तिकडे? पण जाणकार जातात, कारण रानातले पाणी आटून मोजक्या पाणवठ्यांवर आलेले असते आणि सगळ्या रानाला तिथे यावेच लागते. चितळ येतात, सांबर येते, रानकुत्र्यांचा कळप येतो. वाघ येतो तो पुष्कळदा पाठमोरा पाण्यात शिरतो. मागचे पाय आणि कंबर आधी बुडवतो, तोंड रानाकडे ठेवतो आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून समोर बघत राहतो. इतर दिवसांत दाट झाडोऱ्यात दडणारा हा प्राणी त्या वेळी अर्धा-अर्धा तास समोर असतो. वनखाते आणि निसर्गप्रेमी वैशाखी पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची प्राणिगणना करीत आले, तेही याचसाठी.

आणि उघडेबोडके दिसणारे रान काही मेलेले नसते. पान गाळून झाडाने पाण्याचा खर्च थांबवलेला असतो. पळस आणि काटेसावर तर पाने उतरली असतानाच फुलतात, म्हणजे मधाला येणाऱ्या पाखरांना फूल दुरून दिसते. मोहाची फुले रात्री उमलून पहाटे खाली पडतात आणि टोपल्या घेतलेली माणसेही आणि अस्वलेही त्यांच्या मागे असतात. कुसुमाच्या झाडाला ऐन चैत्रात लालभडक पालवी फुटते. पाऊस दीड-दोन महिने लांब असताना ही पालवी येते, खोडात आणि खोल मुळांशी साठवलेल्या ओलाव्यावर. पावसाळ्यात किडींचा सुकाळ होतो, त्याआधी पान जून होऊन गेलेले बरे, असा त्यामागचा कारणविचार अभ्यासक मांडतात. ज्याला आपण रखरखाट म्हणतो, त्यात झाडांची पुढच्या वर्षाची तयारी चाललेली असते.

मे संपता संपता सह्याद्रीत काजवे पेटतात. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची अशा गावांच्या भोवती, वळवाचे एक-दोन शिडकावे झाले की हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर हजारो काजवे एका तालात लुकलुकतात. आपल्याला ती रोषणाई वाटते. प्रत्यक्षात नर मादीला बोलावत असतो, मादी मंद उजेडाने उत्तर देत असते आणि या संवादासाठी त्यांच्यापाशी थोडेच दिवस असतात. पाऊस जोराचा सुरू झाला की सगळे संपते. मृगाची पहिली झड बसल्यावर आंबोलीच्या सड्यावर दुसरा खेळ सुरू होतो. जांभ्या दगडाच्या खळग्यांत पाणी साचते आणि अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, अंगठ्याएवढा एक भेक तिथे जोडीदार शोधायला येतो. हा भेक जगात फक्त आंबोलीच्या परिसरात सापडतो. शास्त्राला त्याची स्वतंत्र ओळख पटली ती २००९ साली. त्याच्या विणीचा काळ थोडका असतो आणि तो मान्सूनच्या सुरुवातीलाच येतो. डिसेंबरच्या सुखद हवेत आंबोलीला जाणाऱ्याला धुके मिळेल, दरी मिळेल, पण तो भेक भेटणार नाही. कोकणात त्याच सुमारास तिबोटी खंड्या येतो आणि ओढ्याकाठच्या दरडीत बीळ कोरून भर पावसात पिल्ले वाढवतो. मुठीएवढ्या त्या पाखरावर निळा, जांभळा, केशरी असे किती रंग, आणि ते पाहायचे तर अंगावर पाणी घ्यावेच लागते.

हस्त नक्षत्राच्या आगेमागे कासचे पठार फुललेले असते. 'युनेस्को'ने २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारशात घेतले, त्यांत कास आहे. तिथे गेल्यावर बहुतेकांचे डोळे पिवळ्या सोनकीच्या आणि गुलाबी तेरड्याच्या गालिच्यावर जातात. मी सुचवेन की वाटेच्या कडेला गुडघे टेकून खाली पाहावे. दगडावर मातीचा थर बोटभर, त्यातही नत्र जवळजवळ नाही. म्हणून इथल्या काही वनस्पतींनी किडे खायची विद्या साधली आहे. दवबिंदूच्या तांबूस पानावर केसागणिक एक चिकट थेंब चमकत असतो. चिलट त्याला दव समजून बसते आणि पान सावकाश त्याच्यावर मिटते. शेजारी सीतेची आसवे ही निळी-जांभळी फुले वाऱ्यावर डोलतात आणि त्यांच्या बुडाशी, ओल्या मातीत, टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे पाण्यातले सूक्ष्म जीव डोळ्याचे पाते लवायच्या आत ओढून घेतात. हे सारे ओल आहे तोवरच. ऑक्टोबरचे ऊन लागले की सडा पुन्हा भाजल्या विटेच्या रंगाचा होतो आणि हिवाळ्यात आलेल्या पाहुण्याचा विश्वास बसत नाही की इथे काही फुलले होते. कारवीचे गणित तर एका वर्षातही मावत नाही. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. तिच्यापुढे ऋतू निवडण्याची गोष्टच अपुरी पडते. तिथे संयम लागतो.

मग हिवाळा रिकामा म्हणायचा का? मुळीच नाही. हिवाळा हा पाहुण्यांचा ऋतू आहे. मध्य आशियातल्या गोठलेल्या तळ्यांवरून निघालेले पट्टकादंब हिमालय ओलांडून आपल्या पाणथळींवर उतरतात. उजनीचे पाणी ओसरू लागले की भिगवणपाशी चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी तिथे चोची बुडवून चरू लागतात. ज्या वर्षी धरण भरून राहते त्या वर्षी ते उशिरा येतात. त्यांच्या येण्याचाही हिशेब शेवटी पाण्याचाच. वेळासच्या किनाऱ्यावर याच सुमारास समुद्री कासवाच्या माद्या रात्री वाळूत अंडी घालतात आणि ४५ ते ६० दिवसांनी, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, पिल्ले समुद्राकडे धावतात. म्हणजे हिवाळा चांगलाच, पण तो कोणासाठी चांगला हे ठाऊक असावे.

यात जागेचाही हिशेब येतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आले की हजार मिलिमीटरही पडत नाही. तासाभराच्या अंतरात पावसाळा इतका बदलत असेल तर 'महाराष्ट्रात कधी फिरावे' या प्रश्नाला एकच उत्तर कसे असेल? श्रीलंकेसारख्या चिमुकल्या बेटावरही एक मान्सून नैर्ऋत्य भाग भिजवतो आणि दुसरा ईशान्य, त्यामुळे एका किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असताना दुसऱ्यावर तो शांत असतो. उष्ण कटिबंधातल्या कोणत्याही देशाला हे कमी-अधिक लागू आहे. तिथे देशाचा ऋतू नसतो, दरीचा आणि डोंगराचा असतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला घेतले तिच्याकडे येतो. वर जी जी दृश्ये सांगितली ती पुन्हा आठवून पाहावीत. पाणवठ्यावरचा वाघ तहानलेला आहे. काजवे आणि भेक जोडीदार शोधत आहेत. खंड्याच्या बिळात पिल्ले आहेत. कासवाच्या पिल्लाची जन्मून काही मिनिटेच झाली आहेत. पाहण्याजोगा जो क्षण म्हणून आपण नेमका निवडतो, तो त्या जिवाच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक क्षण असतो. योग्य ऋतू शोधणे म्हणजे रानाच्या अडचणीच्या वेळी त्याच्या दारात उभे राहणे. म्हणून ऋतूची निवड ही नुसती सोयीची बाब उरत नाही, ती वागण्याचीही बाब होते.

आणि तिथे आपण कमी पडत आहोत. काजव्यांच्या झाडाखाली मोटारींचे दिवे, मोबाइलचे झोत आणि मोठमोठ्याने गाणी चाललेली असतात. ज्याचे सगळे बोलणे उजेडातच आहे त्याला उजेडानेच मुके करण्याचा हा प्रकार. कासवर गर्दी इतकी लोटली की रोज किती माणसे सोडायची याला मर्यादा घालावी लागली, कारण फोटोसाठी चार पावले आत टाकली की पुढच्या वर्षीचे कंद आणि बी चिरडले जाते. आंबोलीच्या रस्त्यावर पावसाळी रात्री बेडूक चाकांखाली येतात. उलट बाजूची उदाहरणेही आहेत आणि ती मनाला उभारी देतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखली. पुढे तिथे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले आणि पिल्ले दोरीच्या पलीकडून पाहायची ही शिस्त रुजली. व्याघ्रप्रकल्पांचा गाभा जुलै ते सप्टेंबर बंद असतो. चिखलाच्या वाटा हे त्याचे व्यावहारिक कारण खरेच, पण त्या तीन महिन्यांत रान माणसावाचून असते आणि तसे ते असायलाही हवे. सगळे ऋतू आपल्यासाठी नसतात, हे मान्य करणे हासुद्धा निसर्गपर्यटनाचाच भाग आहे.

त्यामुळे कोणी मला ऋतू विचारला तर मी आधी उलट विचारतो: कोणाला भेटायचे आहे? वाघाला भेटायचे तर वैशाखाचे ऊन सोसायची तयारी हवी. बेडकाला भेटायचे तर मृगात भिजायची. फुलांसाठी भाद्रपद-आश्विन, पाहुण्या पाखरांसाठी पौष-माघ. आणि ज्यांना खरोखर निसर्ग समजून घ्यायचा आहे त्यांना मी आणखी एक सांगेन. दर वर्षी नवे ठिकाण गाठण्याचा हव्यास सोडावा. घराजवळची एखादी टेकडी, एखादे तळे, एखादी देवराई धरावी आणि तिथे वैशाखात, मृगात, हस्तात आणि पौषात जावे. गुपचूप, दिवे मालवून, वाट न सोडता. एकच जागा चार वेळा पाहिली म्हणजे वर्ष कळू लागते. उष्ण कटिबंधात सर्वोत्तम असा एक ऋतू नाही. आपल्या गरजेपेक्षा तिथल्या जिवाची गरज मोठी मानून जो जाईल, त्याच्यासाठी बाराही महिने चांगले आहेत.