जातीचे गाठोडे



आपली कुर्डुवाडी जंक्शन आहे. प्रवासी इथे गाडी बदलतो. पण डोक्यावरचे गाठोडे तेच राहते. जातीचे तसेच आहे.

१९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी केतकरांचा हवाला देऊन इशारा दिला होता की, हिंदू परदेशी गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. तसेच झाले. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतील सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. तिथले ते पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले. राज्यपालांनी ते फेटाळले. वर्णभेदाशी झगडणाऱ्या देशात इकडून गेलेल्यांनी हे आणखी एक विष नेले!

पण बोट दाखवण्यापूर्वी स्वतःला विचारा. दीक्षा घेऊन आपण गाडी बदलली. गाठोडे टाकले काय? मुलीला स्थळ आले की, 'पूर्वाश्रमीचे कोण?' असे आपणही विचारतोच ना? सर्व माणसे समान आहेत, ही प्रतिज्ञा आपण घेतली आहे. कायदा सरकार करील; मन मात्र आपणच धुवायचे आहे. येत्या पौर्णिमेला विहारात जाताना ते गाठोडे बाहेर ठेवा. आणि परतताना उचलू नका.

भवतु सब्ब मंगलं!