प्रेक्षकाचे मत आणि दर्शनार्थ्याची नजर

चित्रपट किंवा मालिका पाहून झाल्यावर प्रेक्षक जे मत देतो, ते त्या कलाकृतीविषयीचे ज्ञान असते की केवळ त्याच्या मनःस्थितीचे निवेदन, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच धर्मचिंतनाचाही आहे. कारण पडद्यावर पूज्य व्यक्ती अवतरली की पाहणारा प्रेक्षक राहतो की दर्शनार्थी होतो, हे उमगल्याशिवाय त्याच्या मताचे मोल ठरवता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न विशेष टोकदार होतो. घाटावरचे सिंदखेड राजा हे १५९८ साली जन्मलेल्या जिजाऊंचे माहेर, तर घाटाखालचे शेगाव हे १९१० साली समाधिस्थ झालेल्या गजानन महाराजांचे स्थान. आणि ही दोन्ही नावे येथे इतिहासाच्या वा चरित्राच्या पुस्तकात बंद नसून दरवर्षी १२ जानेवारीला आणि प्रकटदिनाला लोटणाऱ्या गर्दीत जिवंत आहेत. ‘स्वराज्यजननी जिजामाता’ ही मालिका २०१९ मध्ये दूरचित्रवाणीवर सुरू झाली, आणि अशा मालिका आता मोबाइलवर हव्या त्या वेळी पाहता येतात. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांच्या राजवाड्याच्या गावात बसून ती पाहणाऱ्याचे मत आणि मुंबईच्या लोकलमध्ये उभ्याने तिचा एखादा भाग पाहणाऱ्याचे मत एकाच तराजूत घालता येईल काय?

भरताच्या नाट्यशास्त्राने हा प्रश्न ओळखला होता. त्याच्या सत्ताविसाव्या अध्यायात ‘सिद्धी’चा, म्हणजे प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखावे याचा, विचार आहे. स्मित, खळखळून हसणे, ‘वाहवा’, हळहळ, अंगावरचे रोमांच, आसनावरून उठणे आणि नटाकडे वस्त्रे वा अंगठ्या फेकणे ही झाली मानुषी सिद्धी. पण प्रेक्षागृह भरलेले असूनही जेथे गोंगाट नाही, खळबळ नाही, ती दैवी सिद्धी होय. तरुणाला शृंगार, विरक्ताला मोक्षाची कथा, वृद्धाला धर्माख्यान आणि शूराला युद्ध रुचते हेही भरत मोकळेपणाने मान्य करतो. परंतु रुचिभेद मान्य केला म्हणून सर्व मते सारखी ठरतात, असे मात्र तो म्हणत नाही. प्रयोगाविषयी वाद उपस्थित झाल्यास त्याने ‘प्राश्निक’, म्हणजे परीक्षक, नेमले आहेत, आणि त्यांत यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक असे दहा जण आहेत. धनुर्धराने शरीराच्या ठेवणीबद्दल बोलावे, चित्रकाराने वेशभूषेबद्दल, राजाने राजेपणाच्या आविर्भावाबद्दल. प्रत्येकाचा अधिकार खरा आहे, पण तो त्याच्या विषयापुरता आहे, ही या योजनेतील खरी खुबी.

आजच्या प्रसारण-मंचांनी नेमकी हीच विभागणी पुसून टाकली आहे. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये पाच ताऱ्यांची श्रेणी काढून अंगठा वर किंवा खाली एवढाच पर्याय ठेवला, आणि २०२२ मध्ये फार आवडल्यास दोन अंगठ्यांची त्यात भर घातली. २०२०च्या सुमारास तर कोणी दोन मिनिटे पाहिले तरी ते ‘पाहिले’ असे धरले जात होते, आणि पुढे पाहिलेले एकूण तास व त्यांना लांबीने भागून येणारा आकडा, असे हिशेब बदलत गेले. व्यापारासाठी हे ठीकच आहे. मात्र भरताच्या दृष्टीने ज्या निःशब्दतेत परमोच्च सिद्धी असते, ती या मोजणीला कळतच नाही: मालिका लावून झोपी गेलेला आणि ती पाहून अवाक् झालेला, हे दोघेही तेथे तितकीच मिनिटे भरतात.

सिंदखेड राजाच्या प्रेक्षकाकडे वळल्यास अडचण आणखी सूक्ष्म होते. दौलताबाद येथे १६२९ मध्ये निजामशाही दरबारात लखुजीराव आणि त्यांचे पुत्र यांची हत्या झाली, आणि लखुजीरावांची समाधी आजही गावात उभी आहे. हा प्रसंग पडद्यावर आला की गावातील प्रेक्षकाची नजर दरबाराची मांडणी, पागोट्याची घडी, तोंडची भाषा यांवर जाते आणि ‘असं नव्हतं’ हा शेरा उमटतो. नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याने रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे दाखवलेला प्रसंग ‘माझ्या’ वा ‘त्याच्या’ विशिष्ट देशकाळाला जखडून पाहणे, आणि दुसरे म्हणजे स्वतःच्या सुखदुःखातच बुडून जाणे. त्याच्या मते रस तेव्हाच निष्पन्न होतो, जेव्हा पित्याच्या हत्येने कोसळलेली लेक ही कोणा एका घराण्याची न राहता शोकाचे सर्वसामान्य रूप धारण करते. या क्रियेला ‘साधारणीकरण’ म्हणतात, आणि ही कल्पना भट्टनायकापासून चालत आली आहे. या कसोटीवर ‘आमच्या जिजाऊ’ म्हणणारा प्रेक्षक रसापासून दूर ठरतो. पण तेवढ्याने त्याचे मत निकामी ठरत नाही, कारण स्थळ, रीतिभाती आणि बोली यांच्याबाबतीत तो भरताच्या अर्थाने पुरता प्राश्निक आहे; वऱ्हाडीचा हेल चुकला हे त्याला जितके कळेल, तितके पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला कळणार नाही.

शेगावच्या भक्ताचे प्रकरण याहून निराळे आहे. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाच्या एकवीस अध्यायांचे पारायण करणारा कोणीही मधले अध्याय संथ वाटले असे म्हणत नाही. म्हणणार तरी कशाला, तो तेथे रसिक म्हणून बसलेलाच नसतो. हीच वृत्ती चित्रपटगृहातही शिरते. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’ या चित्रपटाच्या वेळी लोक पादत्राणे बाहेर काढून आत जात आणि पडद्याकडे नाणी उधळत, हे सर्वश्रुत आहे. उलट ‘प्रभात’चा १९३६ चा ‘संत तुकाराम’ भाविकांनी हात जोडून पाहिला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात, विठ्ठलाशी काही देणेघेणे नसलेल्या परीक्षकांनीही त्याची दखल घेतली. भक्ती हा स्वतंत्र रस आहे की नाही यावर शास्त्रकारांत मतभेद आहेत: अभिनवगुप्ताने तिला वेगळे स्थान दिले नाही, मधुसूदन सरस्वतींनी ‘भक्तिरसायना’त ते आग्रहाने दिले. ‘संत तुकाराम’पुरते पाहिले तर मधुसूदनांची बाजू बळकट वाटते; ‘जय संतोषी माँ’ला मात्र ती फारशी उपयोगी पडत नाही, कारण तेथे कृतज्ञता देवीविषयी होती आणि चित्रपट केवळ निमित्त होता. भक्ताने दिलेले पाच तारे पुष्कळदा असेच देवाला वाहिलेले असतात, आणि ते दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा होतात.

या वृत्तीची दुसरी बाजू म्हणजे न पाहताच दुखावणे. १८६२ च्या मुंबईतील महाराज बदनामी खटल्यावर आधारलेल्या ‘महाराज’ या चित्रपटाचे प्रदर्शन जून २०२४ मध्ये, तो कोणी पाहण्याआधीच, न्यायालयीन स्थगितीमुळे अडले. गुजरात उच्च न्यायालयाने चित्रपट स्वतः पाहिला आणि मगच स्थगिती उठवली. प्रतीतीचे साधनच उपलब्ध नसणे हेही अभिनवगुप्ताच्या सात विघ्नांपैकी एक आहे, आणि न पाहता दिलेले मत याच विघ्नाचे टोकाचे रूप मानावे लागेल. श्रद्धेला दुखावले जाण्याचा अधिकार आहे. परंतु ते दुखणे चित्रपटाविषयीचे मत नव्हे, आणि त्याला तसे म्हणणे हा श्रद्धेचाही अवमान आहे.

म्हणून एकाच प्रेक्षकात जाणकार, भक्त आणि रसिक अशा तिन्ही नजरा नांदतात, हे मान्य करूनही त्या एकमेकींत मिसळू देणे योग्य नाही. जिजाऊंवरील मालिकेला सिंदखेड राजाच्या प्रेक्षकाने ‘छान’ वा ‘वाईट’ म्हणावे, पण पुढे एक वाक्य अधिक लिहावे: हे आपण इतिहास जाणणारा म्हणून म्हणतो आहोत, जिजाऊंपुढे नतमस्तक होणारा म्हणून, की कथेत हरवलेला रसिक म्हणून.