आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

ही म्हण ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाली त्याने एखादी आग दुरून पाहिली असणार. आग विझवण्याचा निम्मा प्रश्न अंतराचाच असतो. आमचा बुलढाणा जिल्हा तर बोलण्यातही दोन भागांत वाटलेला: घाटावर आणि घाटाखाली. मोताळ्याकडच्या एखाद्या खेड्यात कुटार पेटलं आणि बुलढाणा नगरपालिकेची गाडी निघाली, तर तिला आधी राजूर घाट उतरावा लागतो. वळणावर टाकीतलं पाणी हिंदकळतं, गाडी एका अंगाला ओढली जाते. चालकाला खालचा धूर दिसत असतो आणि वेग मात्र वाढवता येत नाही.

‘बंब’ हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘बोम्बा’वरून, म्हणजे पंपावरून आला. मराठीने तो दोघांना वाटून दिला. एक आग विझवणारी गाडी; दुसरं न्हाणीघरातलं ते तांब्याचं भांडं, ज्याच्या पोटात विस्तव आणि भोवती पाणी. आगीशी वैरही त्याच शब्दात आणि घरोबाही. भाषेची ही गफलत मला फार आवडते.

खामगावात आगीचा विषय निघाला की तो कापसावर येतो. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला तो कापसासाठीच; उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. जिनिंगमध्ये कापसासोबत एखादा खडा किंवा खिळा यंत्रात गेला की ठिणगी उडते. मोकळी रुई भपकन पेटते. ते निदान दिसतं तरी. दाबून बांधलेली गाठ मात्र आतल्या आत धुमसते. १७० किलोच्या त्या गाठीवर कितीही फवारा मारा, पाणी वरच्या थरात अडतं. मग पट्ट्या तोडायच्या, थर सुटे करायचे, रुई उघड्यावर ओढून भिजवायची आणि त्यानंतरही पहारा ठेवायचा. आग, कर्ज आणि वैर यांची बाकी ठेवू नये, असं जुनी माणसं सांगत. यातल्या पहिल्या दोन गोष्टी वऱ्हाडातल्या कापूसवाल्याला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर अशाच कापसाच्या गाठी धुमसल्या, आणि त्याच जहाजात स्फोटकं भरलेली होती. मुंबईच्या दलाचे ६६ जवान गेले. अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ.

आता कायद्याचं पाहा. आग विझवणं हे महाराष्ट्रात १९६५ च्या अधिनियमाने नगरपालिकांचं बंधनकारक काम आहे. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांच्या वाट्याला आलेला सातवा विषय अग्निशमन सेवा हाच. ग्रामपंचायतींसाठीची सूची अकरावी. तिच्यात विषय २९. बारावा आहे ‘इंधन आणि चारा’. अग्निशमन त्यात कुठेच नाही. म्हणजे पेटणारं सगळं गावाकडे आणि विझवणारं शहराकडे! सूची करणाऱ्यांच्या मनात असा विनोद नव्हता, हे मान्य. पण उन्हाळ्यात गोठा पेटतो, पऱ्हाटीचा ढीग पेटतो, दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सुडी पेटते. आणि गाडी येईपर्यंत गावकरी मोटार सुरू करतात, ओली पोती आपटतात, कोणी ट्रॅक्टर आणून गंजीभोवती नांगर फिरवतो. वीज गेलेली असली की मोटारही नाही. आता तर जिल्ह्यातून समृद्धी महामार्गही जातो, वस्तीपासून दूरदूरच्या माळातून. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ त्यावर एक बस उलटून पेटली. २५ जण गेले.

नगरपालिकेची गाडी हद्द न पाहता तालुकाभर धावते, हा तिचा मोठेपणा. पण गावाची सोय दुसऱ्याच्या मोठेपणावर किती दिवस चालवायची? अकराव्या अनुसूचीत तिसाव्या विषयाला जागा आहे. तो तेवढा लिहून घ्यावा.