मोक्षाचा अर्थ : हरवलेल्या दहाव्याचा दृष्टांत

धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे ४ पुरुषार्थ आपल्या शास्त्रकारांनी सांगितले आहेत. पहिल्या तिहींचा परिचय प्रत्येक संसारी मनुष्यास असतो. चौथ्याविषयी मात्र अनेकांची अशी समजूत असते की, तो मरणोत्तर मिळावयाचा आणि तोही साधुसंतांनाच. अयोध्या, मथुरा, हरिद्वार, काशी, कांची, उज्जैन व द्वारका या ७ मोक्षदायिनी पुरी मानल्या जातात. त्यावरून मोक्ष हेही एक दूरचे स्थान असून, पुरेसे पुण्य गाठीस असल्यास तेथे प्रवेश मिळतो, असे भाविकांस वाटते.

वस्तुतः ‘मोक्ष’ आणि ‘मुक्ती’ हे शब्द संस्कृतातील ‘मुच्’ म्हणजे सोडणे, मोकळे करणे या अर्थाच्या धातूशी निगडित आहेत. काही नवे मिळण्यापेक्षा काही सुटण्याचा भाव त्यांत आहे. जे सुटावयाचे ते काय? अद्वैत वेदान्ताचे उत्तर असे की, स्वतःच्या स्वरूपाविषयीचे अज्ञान.

१४ व्या शतकातील विद्यारण्यस्वामींच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘पंचदशी’ या १५ प्रकरणांच्या ग्रंथात हा विषय एका सुंदर दृष्टांताने स्पष्ट केला आहे. दहा जण नदी पार करून पैलतीरी पोहोचले. सर्व सुखरूप आले का, हे पाहण्यासाठी त्यांतील एकाने मोजणी केली. नऊच भरले, कारण तो स्वतःस मोजावयास विसरला होता. दहावा बुडाला असे समजून तो कपाळ बडवून आक्रोश करू लागला. तेव्हा एक विश्वासू मनुष्य त्यास म्हणाला की, दहावा जिवंत आहे. हे ऐकून त्यास धीर आला. ‘मग तो आहे कोठे?’ असे त्याने विचारताच, तो दहावा स्वतः तूच आहेस, हे त्या मनुष्याने दाखवून दिले. शोक तत्क्षणी थांबला.

येथे दहाव्याला कोणी नदीतून काढून आणले नाही. तो कधी हरवलाच नव्हता. तरीही रडणे खरे होते आणि ते थांबणेही खरे होते. मोक्षाचेही तसेच आहे. ‘देव आहे’ ही श्रद्धा म्हणजे दहावा जिवंत असल्याची वार्ता होय. शास्त्र त्यास परोक्ष ज्ञान म्हणते. ते लहान नव्हे, त्याने मनास आधार मिळतो. परंतु आपल्या अंतरीचे चैतन्य त्याहून वेगळे नाही, हा प्रत्यय येणे म्हणजे अपरोक्ष ज्ञान. तोच मोक्ष, आणि तो याच देही येऊ शकतो. अशा पुरुषास जीवन्मुक्त म्हणतात.

मग ज्ञान झाल्यावर व्याधी, वियोग, वार्धक्य ही दुःखे का राहतात? व्यथा घेऊन देवाच्या दारी येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न असतो. विद्यारण्यांनी तो टाळलेला नाही. दहावा सापडल्यावर रडणे तत्काळ थांबले, परंतु कपाळ बडवून झालेली जखम लगेच भरली नाही. ती हळूहळूच बरी झाली. मात्र दहावा जिवंत असल्याच्या आनंदात त्या वेदनेची तीव्रता लोपली. प्रारब्धाचे भोग देहास चुकत नाहीत, पण ‘माझे सर्वस्व बुडाले’ हा आक्रोश राहत नाही.

असे असेल तर तीर्थयात्रेचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. कर्म आणि उपासना यांनी चित्त शुद्ध होते व शुद्ध चित्तातच ज्ञान ठसते, असे आचार्य सांगतात. काशीत देह ठेवणाऱ्याच्या कानी स्वतः भगवान शंकर तारक मंत्र सांगतात, अशी परंपरागत श्रद्धा आहे. म्हणजे तेथेही मुक्ती देतो तो उपदेशच.

भक्तिमार्गाची दृष्टी थोडी निराळी आहे. वैष्णव आचार्यांच्या मते मुक्त जीव भगवंताच्या सेवेत राहतो. जगद्गुरू तुकाराम महाराजांनी तर मुक्ती नाकारून संतसंगासाठी पुन्हा जन्म मागितला. ज्यास मोक्षाचीही हाव उरली नाही, त्याच्या ठायी ‘मी’ आणि ‘माझे’ यांची गाठ सुटलेलीच असते. दोन्ही मार्गांत सुटावयाची गाठ हीच आहे.

यात्रेस निघालेली मंडळी गाडीतून उतरल्यावर आपली माणसे व सामान काळजीपूर्वक मोजतात. दर्शन घेऊन परतताना प्रत्येक भाविकाने सभामंडपात क्षणभर शांत बसावे आणि त्या मोजणीत आपण स्वतःस विसरलो नाही ना, हे अंतर्मुख होऊन पाहावे. तो दहावा ओळखण्याची बुद्धी सर्वांस लाभो, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥