मोजदाद आणि विचारपूस

खानेसुमारीचा मनुष्य दारात येऊन घरात माणसे किती असे विचारतो, तेव्हा आपण आकडा सांगतो आणि त्यास वाटेस लावतो. शेजारच्या आजीबाई तोच प्रश्न विचारतात तेव्हा मात्र आकड्यावर भागत नाही. थोरला परगावी आहे, त्याचे पत्र येत नाही, धाकटीचे अजून कोठे जमलेले नाही, हे सारे सांगावे लागते. पहिलीस मोजदाद म्हणावे, दुसरीस विचारपूस. समाजाचा अभ्यास करणाऱ्या पंडितांत या दोहोंपैकी खरे ज्ञान कोणते याविषयी पुष्कळ काळ वाद चालत आला आहे. संख्येचे अभिमानी म्हणतात, विचारपूस म्हणजे नुसत्या गप्पा. ज्यास जे ऐकावेसे वाटले ते त्याने लिहिले. उलट पक्ष म्हणतो, आकडा हा मनुष्याचा सांगाडा. त्यात रक्तमांस कोठून येणार? अलीकडे दोन्ही पद्धती घ्याव्या असा समेट झाला आहे खरा. परंतु लग्न लावून दिले म्हणजे संसार होतोच असे नाही. एका ग्रंथात चार कोष्टके व चार मुलाखती शेजारी शेजारी बसविल्या, तर तेवढ्याने त्यांचा मिलाफ झाला असे म्हणावयास मी तयार नाही. मिलाफ कशास म्हणावे हे पाहण्यास एक जुने उदाहरण फार उपयोगी पडते.

ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना शहराजवळ मारिएनताल नावाची कामगारवस्ती आहे. हा सारा गाव एका कापडगिरणीवर जगत असे. ती गिरणी १९२९ साली बंद पडू लागली व १९३० च्या आरंभी पूर्ण थांबली. गावातील ४७८ कुटुंबांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबांत कामावर जाणारे कोणीच उरले नाही. १९३१ च्या अखेरीस व्हिएन्नातील काही तरुण संशोधक तेथे गेले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल ही त्यांतील प्रमुख नावे. त्यांचा ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला.

या मंडळींनी काय मोजले ते पाहण्यासारखे आहे. एका खिडकीआड बसून, हाती घड्याळ घेऊन, त्यांनी गावातील मुख्य रस्त्याने जाणारी माणसे न्याहाळली. नजरेखाली आलेल्या ६८ पुरुषांपैकी ३९ जण तेवढ्या वाटेत तीन वा अधिक वेळा थांबले. ३२ स्त्रियांत अशा अवघ्या तीन निघाल्या. स्त्रियांची चालही पुरुषांहून झपाट्याची होती. आता हा आकडा कोणा घाईच्या मनुष्याच्या हाती पडला असता तर त्याने काय अनुमान काढले असते? पुरुष जात्या आळशी, हेच. परंतु त्याच पुरुषांनी भरून दिलेले दिनक्रमाचे तक्ते संशोधकांपाशी होते. त्यांत उठणे, जेवणे व निजणे याखेरीज सांगण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते. बहुतेकांनी खिशात घड्याळ बाळगणेही सोडले होते. स्त्रियांची मजुरी गेली, पण चूल गेली नाही, मुले गेली नाहीत, धुणे गेले नाही. त्यांच्या दिवसास अद्याप सकाळ व संध्याकाळ होती. पाय का मंदावले हे घड्याळ सांगू शकले नाही. ते तक्त्यांनी व संभाषणांनी सांगितले.

उलट बाजूही आहे. रिकामा वेळ मिळाला म्हणजे मनुष्य वाचू लागेल, ही आपणा सुशिक्षितांची आवडती समजूत. मारिएनतालमध्ये कामगारांचे ग्रंथालय होते; बेकारीच्या काळात वर्गणी माफ झाली, तरी १९२९ ते १९३१ या काळात वाचावयास नेलेल्या पुस्तकांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. येथे समजुतीचा कान आकड्याने धरला.

आणि दोहोंची खरी गाठ पडते ती पुढे. घरोघर जाऊन, बोलून, स्वयंपाकघर व मुलांचे कपडे पाहून संशोधकांनी कुटुंबांचे चार वर्ग पाडले: अजून बेत करणारी व उमेद धरणारी, घर नीट ठेवून, पण पुढची आशा सोडून निमूट सोसणारी, हताश, आणि चौथी, ज्यांनी घरही सोडून दिले आणि स्वतःसही. हे वर्ग नजरेने पाडलेले होते. नंतर माणसांच्या वयाचा हिशेब धरून दर माणशी मासिक उत्पन्न काढून पाहिले, तो पहिल्या वर्गाची सरासरी ३४ शिलिंग, दुसऱ्याची ३०, तिसऱ्याची २५ व चौथ्याची १९ अशी आढळली.

या चार आकड्यांपाशी मी पुष्कळ वेळ थांबलो. कचेरीत बसून मदतीची रक्कम ठरविणाऱ्या अंमलदारास पाच शिलिंग म्हणजे काय? किरकोळ काटछाट. पण त्या पाच शिलिंगांत एका घरातील आशा मावत होती. हे त्यास नुसत्या कोष्टकाने कळले नसते, आणि नुसत्या करुण हकीकतीने तर नाहीच. हकीकत ऐकून तो हळहळला असता व रक्कम तशीच ठेवून घरी गेला असता. आकडा आणि घर ही एकमेकांवर ठेवून पाहिली तेव्हाच त्या काटछाटीची जबाबदारी त्याच्या लेखणीवर आली. अर्थात सरासरी ही सरासरीच. कमी पैशांतही न खचलेली घरे असू शकतात, आणि ती का खचली नाहीत हे जाणण्यास पुन्हा पूर्वायुष्याची विचारपूसच करावी लागते.

आपल्याकडे मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाख हा आकडा ज्याच्या त्याच्या तोंडी होता. गिरणगावातील माणसांच्या तोंडच्या हकीकती नीरा आडारकर व मीना मेनन यांनी मोठ्या कष्टाने गोळा केल्या. ते पुस्तक आले २००४ साली. आकडा व आवाज यांमध्ये जवळजवळ दोन तपांचे अंतर पडले. कोणत्या गोष्टी मोजावयास हव्या होत्या हे आवाजांनी सांगावे, तोवर मोजण्याची वेळ निघून गेलेली होती.

एक शंका मात्र मला सोडीत नाही. खिडकीआडून मोजल्या गेलेल्या माणसांस कोणी विचारले होते काय? संशोधकांनी आपणांस एक नियम घालून घेतला होता: गावात नुसता पाहणारा म्हणून कोणी राहावयाचे नाही, प्रत्येकाने काही उपयोगाचे काम करावे. त्यांनी व्हिएन्नाहून जुने कपडे जमवून वाटले, वैद्यकीय सल्ल्याची सोय केली, शिकवणीचे वर्ग चालविले. नियम उदार खरा. परंतु कपडे कोणते हवेत हे विचारावयास म्हणून घरात शिरावयाचे आणि शिरल्यावर घराची टिपणे करावयाची, हेही त्यात आले. मला खिडकीपेक्षा हे कपड्यांचे गाठोडे अधिक अडचणीचे वाटते. खिडकीतील मनुष्य कोणास काही देत नाही आणि कोणास मिंधे करीत नाही. मुलाच्या अंगावर ज्यांनी कोट घातला, त्यांस मात्र बाप दार कसे लावणार? त्याने जे सांगितले ते मनापासून सांगितले की कोटापुरते सांगितले, हे ताडून पाहावयाचे तर पुन्हा ग्रंथालयाच्या नोंदी, दुकानातील खपाच्या वह्या आणि खिडकीतील ते घड्याळ यांच्याकडेच वळावे लागते.