कौशल्य कोणी ठरवायचे?

कौशल्य म्हणजे स्वतःबद्दलची खात्री, की इतरांना दिसणारी कृती? ज्ञानमीमांसेतला हा जुना प्रश्न नोकरीच्या दारात नव्याने उभा राहतो. अमेरिकेतील महाविद्यालये व नियोक्ते यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये मांडलेल्या तुलनेत सुमारे ८९ टक्के विद्यार्थ्यांनी व्यावसायिक शिस्तीत स्वतःला सक्षम मानले. नवपदवीधरांबद्दल तसे म्हणणारे नियोक्ते सुमारे ४३ टक्केच होते. डिजिटल तंत्रज्ञानात मात्र विद्यार्थ्यांनीच स्वतःला कमी लेखले.

तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये ‘माहीत असणे’ आणि ‘करता येणे’ यांत भेद केला. नोकरीतही हाच भेद आड येतो: ‘संवाद’ या शब्दाने विद्यार्थ्याला वर्गातले सादरीकरण आठवते. नियोक्त्याला आठवते चिडलेल्या ग्राहकाला पाठवायचे चार ओळींचे उत्तर. शब्द एक, कसोट्या दोन. ॲरिस्टॉटलच्या मते तरुण भूमितीत पारंगत होऊ शकतो, पण व्यवहारशहाणपण अनुभवाशिवाय येत नाही.

तरी नियोक्त्याचा निवाडाही निखळ नसतो. ‘शिस्त’ म्हणताना तो कधी निमूटपणाच मोजतो. शिवाय अनुभव मागणाऱ्यानेच संधी नाकारली, तर उणिवेचा दोष एकट्या शिकणाऱ्यावर येत नाही. कौशल्य घडते ते व्यक्ती आणि प्रसंग यांच्या भेटीत.